आईच्या फोडणीची बातमी

मधले काही महिने माझ्या मोबाईलवर एक ॲप होतं आणि त्यात 'आई किचन' नावाची एक पट्टी होती. पट्टी हिरवी असली की डोंबिवलीला आईच्या स्वयंपाकघरात सगळं ठीक. लाल झाली की तिथे धूर झालाय. हे मला ठाण्यात, ऑफिसच्या खुर्चीत बसून दिसायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये शेजारच्या माणसाला ती पट्टी दाखवली.

"आई आत्ता काय करतेय?" त्याने विचारलं.

"ते नाही दिसत."

"मग काय दिसतं?"

"काही जळत नाहीये, हे दिसतं."

तो परत आपल्या डब्याकडे वळला. मी तिथेच शहाणा व्हायला हरकत नव्हती.

सगळं सुरू झालं ते दुधावरून. आई डोंबिवली पूर्वेला राहते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वडील गेल्यापासून एकटी. सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली. किती, ते तिला विचारलेलं आवडत नाही. त्या दिवशी सकाळी तिने दूध तापत ठेवलं आणि खाली पालेवाली आली. मेथी आई वरून पिशवी सोडून घेत नाही. तिच्या मते पिशवीत मुळं जास्त येतात आणि पानं कमी. तेव्हा ती जिना उतरली, जुड्या हलवून पाहिल्या, घासाघीस केली, वर येताना पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीची चौकशी केली. तोवर दूध उतू गेलं, उरलेलं आटलं, मग जळलं, आणि गॅलरीतून धूर बाहेर पडायला लागला. आमच्या घराची किल्ली समोरच्या वहिनींकडे असते, त्यांची आमच्याकडे. वहिनींनी दार उघडून गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. पातेलं भंगारात गेलं. बाकी कशाला धक्का लागला नाही.

एवढ्यावर संपलं असतं. पण समोरच्या वहिनी प्रामाणिक आहेत आणि त्यांच्याकडे माझ्या ताईचा नंबर आहे.

ताई माझ्याहून मोठी. कल्याणला एका उंच टॉवरमध्ये राहते, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली, पण ते तिला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी ती डोंबिवलीला आली, मलाही बोलावून घेतलं. घरात जळक्या दुधाचा वास पडद्यांत बसला होता. आई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. कालचीच.

"आई, बॅग भर," ताई म्हणाली.

"कशाला?"

"माझ्याकडे चल. कायमची."

"आणि हे घर?"

"बंद ठेवू."

"बंद ठेवायला मी एवढी वर्षं पुसत होते काय," आई म्हणाली आणि एक जून पान बाजूला टाकलं.

"आई, आग लागली असती."

"लागली नाही ना?"

"वहिनी घरी होत्या म्हणून."

"ती असतेच घरी. जाणार कुठे?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी काहीतरी बोलावं अशी दोघींची अपेक्षा असते आणि मी बोललो की दोघींचीही निराशा होते. आई ताईकडे सुखी होणार नाही हे मला माहीत होतं. ताईच्या गॅलरीतून खाली पाहिलं की आई म्हणते, इथून माणसं दिसत नाहीत, मुंग्या दिसतात. डोंबिवलीच्या गॅलरीतून तिला कोण कुठे चाललं, हातात काय आहे, चेहरा कसा आहे, सगळं दिसतं. तेवढ्यावर तिचा दिवस जातो. पण ताईचंही चुकत नव्हतं. तेव्हा मी मधला मार्ग काढला. धूर झाला की वाजणारं यंत्र बसवू, म्हटलं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये लॉबीत आहे. धूर झाला की लगेच मोबाईलवर कळतं.

ताईने विचार केला. "ठीक आहे. पण ते माझ्याही मोबाईलवर पाहिजे. आणि पुन्हा दुधासारखं काही झालं, की मी हिला घेऊन जाणार. मग तू तुझं 'पण ताई' सुरू करायचं नाहीस."

"पण ताई..."

"हेच ते."

आई मेथीच्या काड्या पेपरमध्ये गुंडाळत म्हणाली, "म्हणजे ते वाजलं की मी जाणार. असंच ना?"

"तसं नाही गं आई," मी म्हटलं. होतं तसंच.

यंत्र मागवलं. पांढरं, गोल, मोठ्या वाटीएवढं. बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलव. मी म्हटलं, दोन स्क्रूंचं काम आहे. आमच्या घराण्यात सोबतची माहिती वाचणं म्हणजे शरण जाण्यासारखं आहे. वडिलांनी मिक्सरसुद्धा अंदाजाने जोडला होता. मी आईच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि विचार केला, धूर कुठे होतो? गॅसवर. मग यंत्र कुठे हवं? गॅसच्या वर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

सोसायटीतून ड्रिल आणलं, ओट्याला टेकवून स्टूल ठेवलं आणि चढलो. जुन्या इमारतीचा स्लॅब कसा असतो हे ज्याने वर तोंड करून भोक पाडलंय त्यालाच कळेल. पहिलं भोक सळईवर लागलं. दुसरं तिरकं गेलं. तिसऱ्यात स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी ठोकली तर ती आत जाऊन नाहीशी झाली. डोळ्यांत चुना, मानेत उसण. आई खाली रिकामा खोका हातात घेऊन उभी होती, खोक्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघत होती. दोनदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, काळजी करतेय.

शेवटी बसलं. थोडं वाकडं, पण घट्ट. मी तपासणीचं बटण दाबलं आणि ते असं किंचाळलं की समोरच्या वहिनी लाटणं घेऊन आल्या.

"चोर?" त्यांनी विचारलं.

"नाही, मी," मी म्हटलं.

आईने कानांवरचे हात काढले. आमचे वडील कल्याणजवळ मोहन्याला कंपनीत होते, तेव्हा आम्ही तिथेच राहायचो. "कंपनीचा भोंगा असाच व्हायचा," ती म्हणाली. "पण त्या भोंग्यावर निदान माणसं जेवायला तरी सुटायची."

तेव्हापासून यंत्राचं नाव भोंगा पडलं.

भोंग्याने पहिल्या दिवसापासून मन लावून काम केलं. ऑफिसात मीटिंग चालू होती, मोबाईल खिशात किंचाळला. पट्टी लाल. मी बाहेर पळालो, आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. समोरच्या वहिनींना लावला. त्या पळाल्या. मला जिन्यातले आवाज ऐकू येत होते, दाराचा आवाज, भोंग्याचा आवाज, आणि मग आईचा: "कोणाचा फोन आहे? त्याला सांग, फोडणी आहे."

"फोडणी आहे," वहिनी मला म्हणाल्या.

"ती फोन का उचलत नाही?"

"त्या स्टुलावर नाही चढू शकत ना, म्हणून खालून टॉवेलने वारा घालतायत भोंग्याला."

मी परत मीटिंगमध्ये गेलो. साहेबांनी विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, हो, आमटी होती.

मग हे रोजचंच झालं. मोहरी तडतडली, लाल. मिरची घातली, लाल. पापड भाजला, लाल. वांगं भाजलं त्या दिवशी भोंग्याने अंगात आल्यासारखं केलं.

"आई, काय झालं?"

"वांगं."

"वांग्याचं काय?"

"भाजतेय. भरीत करायचं म्हणून."

"मायक्रोवेव्हमध्ये ठेव ना."

"त्यात वांगं भाजत नाही, त्याला फक्त घाम येतो."

गुरुवारी संध्याकाळी ती देवापुढे धूप घालते. तिचं देवघर स्वयंपाकघरातच, कोपऱ्यात आहे. तो दिवस मला पंचांगाशिवाय कळायला लागला. आणि प्रत्येक वेळी माझ्यामागोमाग ताईचा फोन. ताई फोनवर हॅलो म्हणत नाही.

"बघितलंस?"

"फोडणी होती, ताई."

"सकाळीही होती."

"सकाळी पोह्यांची. आत्ता आमटीची."

"एवढा धूर होतो म्हणजे तेल जास्त तापवत असणार ती. लक्ष नसतं. मी तेच म्हणतेय. हे सगळं मी लक्षात ठेवतेय हं."

ताईने लक्षात ठेवणं म्हणजे काय, हे तिच्या शाळेतून पुढे गेलेली सगळी पिढी सांगेल. ती आईलाही फोन करायची. रागवायची नाही. फक्त विचारायची, "आज दोनदा का गं?" या प्रश्नाने मोठमोठी मुलं रडलेली आहेत.

वैताग फक्त आवाजाचा असता तर सोसला असता. एकदा आईच म्हणाली, घरात पाल शिरलीय, कुठे लपलीय कळत नाही, सारखी चुकचुकते. पाल चुकचुकली की आमच्याकडे 'कृष्ण कृष्ण' म्हणत बोटाने टकटक करतात. आई कालपासून जेवणाच्या टेबलावर टकटक करत होती. "आता बोट दुखायला लागलं," ती म्हणाली. मी रविवारी गेलो. खोली शोधली, माळा शोधला, फ्रिज हलवला. फ्रिजमागे पाल नव्हती, पण हरवलेला चष्मा सापडला. अर्ध्या तासाने मला कळलं की चुकचुकतोय तो भोंगाच. त्याचे सेल उतरत आले की तो मधूनमधून तसा आवाज करतो. परत स्टूल, परत मान वर. नवे सेल घातले, बटण दाबून पाहिलं, वहिनी आल्या. या वेळी लाटणं नव्हतं. त्या चहाच घेऊन आल्या होत्या.

बायको म्हणाली, काढून टाक ते. मी म्हटलं, काढलं तर ताई आईला काढेल. हे मी चिडून बोललो, पण ते खरं होतं. भोंगा लावून मी आईला घरात ठेवलं होतं आणि तोच रोज तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

मग एका आठवड्यात सगळं शांत झालं.

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. गुरुवार, धुपाचा दिवस, तोही हिरवा. मी ॲप बंद करून परत उघडलं. हिरवंच. सेल नवे होते, इंटरनेट चालू होतं. आईला फोन केला.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय केलं होतंस?"

"आमटी, भात, कोबी."

"फोडणी घालून?"

"बिनफोडणीची आमटी मी तुझ्या आजाराच्या वेळी केली होती, तेव्हा तू ताट सरकवलं होतंस. फोडणी घालूनच."

"मग भोंगा वाजला नाही?"

"नाही वाजला. शहाणा झाला असेल."

मला इतका आनंद झाला की मी खोलात गेलो नाही. माझ्या मनाने लगेच कारण शोधलं: नवे सेल घातल्यावर यंत्राला आईची फोडणी ओळखता यायला लागली. आजकालची यंत्रं शिकतात म्हणे. मी हे घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं. ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र नाही शिकत, माणसं शिकतात. आई तेल कमी तापवायला लागली. बोललं की सुधारणा होते." दोघंही आपापल्या जागी खूश. हिरवी पट्टी बघून मी दिवसाची सुरुवात करायचो.

पुढे एकदा आठवड्याच्या मध्येच मला सुट्टी होती. न सांगता डोंबिवलीला गेलो. स्टेशनवरून आईच्या आवडीचे खारे दाणे घेतले, जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत धाप लागते, म्हणून कठड्याला धरून थांबलो. आमचं दार सताड उघडं होतं. आत जाऊन पाहिलं, कोणी नाही. ओट्यावर पातेल्यात आमटी होती, पिवळी, सपाट, वर एक दाणा मोहरीचा नाही. गॅस बंद. मी "आई" म्हणून हाक मारणार, तेवढ्यात मागे समोरच्यांचं दार उघडलं आणि आई बाहेर आली.

तिच्या हातात सांडशी होती. सांडशीत फोडणीचं लोखंडी कढलं. कढल्यावर ताटली, ताटलीच्या कडेतून धूर, आणि आत तेल तडतडत होतं, ते मला घरात आतपर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या हाताने तिने पदर पोटाशी धरला होता. दोन दारांच्या मधल्या जागेत चपलांचा स्टँड आहे, वहिनींच्या नातवाची तीनचाकी आहे. आई, जिला जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा लागतो, ती उकळतं तेल घेऊन तीनचाकीला वळसा घालत होती.

"बाजूला हो," ती मला म्हणाली.

मी बाजूला झालो. त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती आत गेली, ताटली काढली, कढलं आमटीत बुडवलं. चर्र झालं. हिंगाचा वास घरभर पसरला. मी वर पाहिलं. भोंग्याचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. खिशातल्या मोबाईलवर 'आई किचन' सुखरूप होतं.

"आई, हे काय चाललंय?"

"आमटी."

"समोरून फोडणी आणतेस?"

"तिच्याकडे भोंगा नाही."

माझा आवाज चढला. एवढं गरम तेल, चपला, सायकल, पाय अडकला असता तर, पदर पेटला असता तर, असं मी एका दमात बरंच बोललो. ती ऐकून घेत होती आणि आमटी ढवळत होती. दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"मी म्हटलं होतं हो, मी आणून देते," वहिनी म्हणाल्या. "ऐकतात का त्या?"

"तू मोहरी जाळतेस," आई म्हणाली.

"मग आमटीच तिकडे न्यायचीस," मी म्हटलं.

"पातेलं जड असतं. कढलं हलकं." तिच्या बाजूने तो हिशोब बरोबर होता.

"आणि भरीत?"

"सोडलं."

"धूप?"

"गॅलरीत उभी राहून घालते. तिथून देवांकडे हात करते. त्यांना चालतं." मग तिने चमचा खाली ठेवला. "हे बघ. ते वाजलं की तुझा फोन येतो, तो ठीक आहे. तू घाबरतोस आणि विसरतोस. पण ती विसरत नाही. 'आज दोनदा का गं' म्हणते. मी तिची आई आहे, आणि मला दोनदा का, याचं उत्तर द्यावं लागतं. एक दिवस ती बॅग घेऊन येईल. मला इथून जायचं नाही रे."

मी खुर्चीत बसलो. वहिनी हळूच आपल्या घरात गेल्या. आईने आमटीची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि कपाटातून उदबत्त्या ठेवलेला खोका काढून टेबलावर ठेवला. भोंग्याचाच खोका. ती कधी काही टाकून देत नाही.

"आता विषय निघालाच आहे तर," ती म्हणाली, "हे चित्र बघ."

खोक्याच्या एका बाजूला घराचं चित्र होतं. पॅसेजच्या छतावर भोंगा काढलेला, त्याच्याशेजारी बरोबरची खूण. आणि स्वयंपाकघरात, गॅसच्या अगदी वर, भोंग्यावर ठळक लाल फुली.

मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. "तुला हे कधी दिसलं?"

"तू लावत होतास तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्टुलावर होतास. म्हटलं, आत्ता बोललं तर दचकून पडशील."

"नंतर?"

"नंतर तू एवढा खूश होतास. डोळ्यांत चुना गेलेला, मान धरलेली. म्हटलं, राहू दे."

राहू दे म्हणून ती रोज उकळतं तेल घेऊन जिन्यापाशी फिरत होती. मला तिचा राग आला, ताईचा आला, खोक्यावर एवढं लहान चित्र छापणाऱ्यांचा आला. शेवटी तो फिरून माझ्यापाशी येणार हे दिसत होतं, म्हणून मी उठलो आणि सोसायटीत ड्रिल मागायला गेलो.

वर येता येता ताईला फोन केला. फक्त एवढंच सांगायचं होतं, की भोंगा थोडा सरकवतोय, मधे काही वेळ ॲप बंद दिसेल, घाबरू नको. ती म्हणाली, "का सरकवतोयस?" ताई 'का' म्हणाली की मी आजही मनातल्या मनात उभा राहतो. जिन्यातच सगळं सांगून टाकलं. तेल, कढलं, सायकल.

"मी येतेय," ती म्हणाली.

कल्याण-डोंबिवली फार अंतर नाही, ही या भागातली सोय आहे आणि अडचणही. मी पॅसेजमध्ये स्टुलावर चढून पहिलं भोक पाडत होतो तेव्हा ताई आली. खांद्यावर प्रवासाची मोठी बॅग होती, रिकामी, घडी पडलेली. आई बॅगेकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली. मी वर, हातात ड्रिल, एका हाताने भोंगा छताशी धरलेला. सोडला तर पडणार होता, म्हणून उतरताही येईना.

"आई, तू गरम तेल घेऊन बाहेर जात होतीस?" ताईने विचारलं.

"हो."

"का?"

"तुला कळू नये म्हणून."

ताईला उलट उत्तराची सवय आहे, थापांची आहे. अशा उत्तराची नव्हती.

"तू तुझ्या घरी फोडणी करतेस," आई म्हणाली, "तेव्हा कोणाला कळतं?"

"कोणाला कशाला कळायला हवं?"

"मग माझी का कळावी? दूध मी विसरले. ते माझं चुकलं. मी घाबरलेही होते, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. भोंगा राहू दे, मला हवाय तो. रात्री काही झालं तर मला उठवेल, समोर ऐकू जाईल. पण त्याने ओरडायचं तर घरात ओरडावं. ठाण्याला आणि कल्याणला जाऊन चुगल्या करू नयेत."

मी वरून म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. मी तो गॅसवर लावला, म्हणून फोडणीलाही वाजत होता. आई तेल जास्त तापवत नव्हती."

"तू बोलू नकोस, भोक पाड," ताई म्हणाली.

मी भोक पाडलं. चुना ताईच्या केसांवर पडला, तिने झटकला नाही. ती बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग खाली बसली. आईही बसली. मी गिट्टी ठोकली, या वेळी ती जागेवर राहिली, पण हे सांगण्यासारखं वातावरण नव्हतं.

"मला झोप लागत नाही गं," ताई म्हणाली. मुख्याध्यापिकेचा आवाज नव्हता तो. "ती पट्टी लाल झाली की छातीत धस्स होतं. म्हणून मी तुला विचारायचे."

"मग नको बघूस."

"न बघता राहायचं कसं?"

"मी राहतेच की. तू टॉवरमध्ये एवढ्या उंचावर राहतेस, तुझा गुडघा दुखतो, तू कोणाला सांगत नाहीस. मी कुठे पट्टी लावलीय?"

ताईने पर्समधून मोबाईल काढला. बराच वेळ बोट फिरवलं, कारण ॲप काढून कसं टाकतात ते तिला माहीत नव्हतं आणि मला विचारणं तिला मंजूर नव्हतं. शेवटी मोबाईल वर, माझ्याकडे धरला. मी दातांत स्क्रू धरून एका हाताने तिचं ॲप काढलं. मग तिने माझा मोबाईलही माझ्या खिशातून काढून पुढे केला. माझ्या हिरव्या पट्टीकडे मी एकदा पाहिलं आणि तीही काढली. बरं वाटलं असं नाही. हात मोकळा झाल्यासारखा आणि जरा रिकामाही.

"पण दुधाचं काय?" ताई म्हणाली. "दूध तू परत विसरणार."

"विसरेन," आई म्हणाली. "वय झालं."

हे तिच्या तोंडून आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकलं. ताईने बॅगेची घडी नीट केली, आणखी लहान केली, मांडीखाली सरकवली.

"माझ्याकडे दुधाचा कुकर पडून आहे," ती म्हणाली. "शिट्टीवाला. दूध तापलं की वाजतो, उतू जात नाही. उद्या आणून देते."

"शिट्टी मोठी आहे का त्याची?"

"मोठी आहे. तू जिन्यात असलीस तरी ऐकू येईल."

"आणि कल्याणला?"

ताईने केसांवरचा चुना झटकला.

"नाही," ती म्हणाली, "कल्याणला नाही ऐकू जाणार."

आई उठली. आमटी गार झाली असेल, म्हणाली, आणि ताईला पापड भाजायला सांगितला. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी शेवटचा स्क्रू फिरवला आणि वरूनच विचारलं, की आता बटण दाबून बघू का, थोडा आवाज होईल. पापड भाजल्याचा वास आला, पॅसेजपर्यंत आला, माझ्या नाकाशी आला. मी भोंग्याकडे डोळे लावून स्टुलावर तसाच उभा राहिलो.